फास, भरमार आणि जागल



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजक थोडे घुटमळले. मग त्यांनी विचारलं, "सर, वाशीम आणि शिकार? म्हणजे मेळघाटावर बोलणार का?" शंका रास्त होती. आपल्याकडे संस्थानिकांचे शिकारखाने नव्हते. भिंतीवर वाघाचं मुंडकं लावलेला वाडा शोधायचा तर जिल्हा पालथा घालावा लागेल. पण गुरुजींनी आयुष्यभर इतिहास शिकवला तो वेगळ्या रीतीने. पुस्तकातली लढाई संपली की ते पोरांना गावाबाहेरच्या माळावर न्यायचे आणि विचारायचे, "आता सांगा, इथं काय चाललं असेल त्या वेळी?" त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं तर माळावरूनच बोलावं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शिकारीचा इतिहास आपण बंदुकीपासून मोजतो. त्यामुळे साहेब दिसतो, नवाब दिसतो, रायफल दिसते. आणि बायकापोरांसह उघड्यावर राहून ज्यांनी हे रान ओळखलं, ते कुठेच दिसत नाहीत. कायद्याचंही तसंच झालं. जनावर कोणतं मेलं यापेक्षा ते कोणाच्या हातून मेलं, यावर माणूस शिकारी ठरायचा की गुन्हेगार.

आपला मुलूख आधी नीट पाहू. जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग: पूर्णेच्या काठचा सपाट, काळ्या मातीचा पायनघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट. वाशीम बालाघाटात. इथे पडलेलं काही पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, तिथून तापीला आणि अरबी समुद्राला जातं. काही पाणी अडाण, अरुणावती, पैनगंगेतून गोदावरीकडे, म्हणजे थेट बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, सातपुड्यासारखं दाट जंगल नाही. माथ्यावर सपाट अशा बसक्या टेकड्या, उतारावर साग, सालई, धावडा, आणि मधे मैलोन् मैल गवताचा माळ. या माळाचं जनावर म्हणजे काळवीट. त्याच्या जोडीला चिंकारा, लांडगा, खोकड, तित्तर, आणि पावसाळ्यात तणमोर. कारंजा-सोहोळचं अभयारण्य काळविटांसाठी २००० साली जाहीर झालं ते उगाच नाही. क्षेत्र अवघं अठरा चौरस किलोमीटरच्या आसपास. पण जुन्या माळाचा तेवढा तुकडा तरी कागदावर आला.

या रांगेवर शिकारीची चित्रंही आहेत, आणि त्यांचा आपल्या गावाशी संबंध आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. याच शाखेतला हरिषेण राजा. त्याच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची सोळा आणि सतरा क्रमांकाची लेणी कोरली गेली. सोळावं त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने दिलं. सतरावं एका मांडलिकाने. सतराव्या लेण्यात षड्दंत जातक रंगवलं आहे. सहा सुळ्यांचा गजराज, त्याच्यावर सूड उगवू पाहणारी राणी, तिने पाठवलेला व्याध आणि बाण लागल्यावरही त्या व्याधाला सुळे कापू देणारा हत्ती. त्याच लेण्यात शरभाची कथा आहे, रुरू मृगाची आहे, आंधळ्या आईबापांसाठी पाणी आणायला गेलेल्या आणि राजाचा बाण लागलेल्या श्यामाची आहे. या साऱ्या चित्रांमधला चित्रकार सावजाच्या बाजूने उभा आहे. धर्माची शिकवण म्हणून तसं असणारच, हे खरं. तरी हरणाची मान, मागे वळून पाहण्याची रीत, हत्तीचं गुडघ्यावर बसणं हे ज्याने काढलं तो रानात बसलेला माणूस असणार, याबद्दल मला शंका नाही.

मधली हजार-बाराशे वर्षं मी ओलांडतो. अकबराच्या काळात ऐने-अकबरीत 'बाशीम' हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून येतं, आणि त्याच ग्रंथात पाळीव चित्त्यांकडून हरणं मारून घेण्याची पद्धत तपशिलाने दिली आहे. चित्ते धरून माणसाळवण्याचं काम करणारे चितेवाले पारधी हे आपल्या पारध्यांचेच एक अंग. ही विद्या महाराष्ट्रात शेवटपर्यंत टिकली ती कोल्हापुरात. तिथल्या दरबाराने देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवले. १९४७ साली कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, त्यानंतर या देशात चित्त्याची खात्रीची नोंद जवळजवळ थांबलीच. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोला परत चित्ते आले तेही आफ्रिकेतूनच. ते पिंजऱ्यातून सुटताना मी टीव्हीवर पाहत होतो आणि मनात येत होतं, यांना हाताळणारी माणसं कधीकाळी आपल्या गावाच्या वेशीबाहेर पालं ठोकून राहत होती.

आता साहेबाकडे येऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. पुढे बाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात घातला गेला आणि पुन्हा वेगळा व्हायला १९९८ साल उजाडलं. साहेबांची शिकारीची पुस्तकं मात्र बाशीमवर नाहीत, ती सातपुड्यावर आहेत. कॅप्टन जेम्स फॉर्सिथचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ मध्ये आलं. पुढे स्टर्नडेल आला, डनबार ब्रँडर आला. फॉर्सिथ नुसता शिकारी नव्हता, बंदुकीचा अभ्यासक होता. नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ सैल ठेवायचा, बारूद भरपूर घालायची आणि गोल गोळी वापरायची, म्हणजे शिकारीच्या टप्प्यात गोळी सरळ जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी जनावर जखमी होऊन पळत नाही, हा त्याचा सिद्धान्त. त्यावर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं. या पुस्तकांत रायफलीचं नाव, बनवणारा, नळीची लांबी, बारूद किती, सगळं येतं. माग काढणाऱ्या गोंडाचं किंवा कोरकूचं नाव मात्र क्वचित येतं. रात्रभर झाडावर बसून वाघाचा कानोसा घेणारा, सकाळी दवात उमटलेल्या पावलांवरून तो किती वेळापूर्वी गेला हे सांगणारा माणूस पुस्तकात 'एक जंगली' असतो.

रायफलीची गोष्ट निघालीच आहे तर एक गंमत सांगतो, पण ती गंमत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०७ च्या सुमारास, सरकारने .४५० कॅलिबरच्या रायफली आणि काडतुसं भारतात आणायला बंदी घातली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना त्याच मापाची गोळी लागायची. ती बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. वाघावर, गव्यावर, हत्तीवर हेच माप वापरायची साहेबांना सवय. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी नवी मापं काढली आणि तीच पुढे मोठ्या शिकारीची नामांकित मापं झाली. लष्करी .३०३ चं काडतूस नागरिकांना बंद, म्हणून .३१५ निघालं. आजही आपल्या आयुध निर्माणीची परवान्यावर मिळणारी साधी रायफल .३१५ चीच आहे. म्हणजे जनावराला कोणती गोळी लागेल हे ठरलं ते जनावराच्या कातडीवरून नाही, प्रजेच्या धाकावरून. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना आणि गोऱ्यांना मात्र सूट होती. त्याच सुमारास वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्यांना सरकार इनाम देत होतं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून मांडलेला हिशेब पाहा: १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले.

तरीसुद्धा आपल्या माळावरचं जनावर रायफलीने संपवलं, असं मी म्हणणार नाही. ते नांगराने जास्त संपवलं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरला वऱ्हाड दिसलं. १८६७ पर्यंत भुसावळहून नागपूरकडे रेल्वे धावू लागली. जिथे जमीन काळी तिथे गवत मोडून कापूस आला. शंभर-दीडशेचे काळविटांचे कळप पाहिल्याचं आमच्या आधीच्या पिढीने ऐकलं होतं, आम्ही ते फक्त ऐकणाऱ्यांकडून ऐकलं. एका बारा बोरच्या बंदुकीने हे होत नाही. त्याला कापसाचा भाव लागतो.

आता ज्यांच्यासाठी हा विषय घेतला त्यांच्याकडे येतो.

फासेपारधी. कारंजा, मंगरुळपीर, बार्शीटाकळी या पट्ट्यात त्यांचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत. त्यांची शिकार बंदुकीची नव्हती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांच्या फासांचं वर्णन केलं आहे, आणि ते फास मी हातात घेऊन पाहिले आहेत. जनावराच्या स्नायूची तांत पिळून केलेली बारीक, पण तुटणार नाही अशी दोरी. तिचा एक सरकता पाश, तो एका टोकदार खुंटीला बांधलेला. अशा कितीतरी खुंट्या एका लांब दोरीवर ओवलेल्या. हरणांची माळावर ठरलेली वाट असते. त्या वाटेवर, गवताच्या उंचीला पाश येईल अशा बेताने, खुंट्या ठोकत जायचं. मग घरची बाकी माणसं, म्हणजे बायका, पोरं, म्हातारा, वाऱ्याचा अंदाज घेत दूरवरून वळसा घालून कळपाला हलके हलके त्या बाजूला सरकवायचे. पळवायचं नाही. पळालेलं हरीण उडी मारतं आणि फास चुकवतं. चालणारं हरीण पाय टाकतं. ही चाल साधायची तर पाच-सात वर्षांच्या पोरालाही कुठे उभं राहायचं आणि कधी बसायचं हे कळावं लागतं. तित्तरासाठी तर गाय किंवा बैल शिकवून तयार केलेला. माणूस गाईच्या आडोशाने चालतो, तिच्या चालीने थांबतो, तिच्यासारखं खाली वाकतो. तित्तर गाय पाहून घाबरत नाही आणि चरत चरत फासाकडे जातो. त्या गाईचं शिक्षण हे अनेक महिन्यांचं काम.

एकदा मी बेड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "तुम्ही बंदूक का नाही वापरली कधी?" ते हसले. म्हणाले, "बंदूक वाजली की राह्यलेले जनावरं शिकतात. फासा कुठं वाजते?"

अशा माणसांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. साहेब परवाना काढून काळवीट मारी तेव्हा त्याला खेळ म्हणायचे. पारध्याने तेच काळवीट फासात धरलं की त्याच्या घरावर पोलीस. १९५२ मध्ये तो कायदा गेला, माणसं 'विमुक्त' झाली, पण गावात चोरी झाली की पहिली धाड बेड्यावर पडायची सवय गेली नाही. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता, यात वाद नाही. पण त्याने साहेबाच्या वारसाची हौस बंद केली आणि पारध्याचं घर बंद केलं. दोन्हींना एकच कलम. हौस सोडून माणूस घरी बसू शकतो. घर बंद झालेला माणूस कुठे बसणार, याचा विचार त्या कायद्याच्या मागेपुढे कुठे दिसत नाही.

बंजाऱ्यांचंही सांगायला हवं, कारण पोहरादेवी आपल्या मानोरा तालुक्यात आहे आणि तांडे सगळ्या जिल्ह्यात आहेत. मिठाचे, धान्याचे बैलतांडे घेऊन दख्खनभर फिरणाऱ्या या लोकांनी उंच, सडपातळ, पल्ल्याने धावणारी कुत्री राखली. तांड्याची राखण हे त्यांचं मुख्य काम, आणि वाटेत ससा किंवा डुक्कर मिळालं तर तेही. रेल्वेने बैलतांडे बसवले, तांडे शेतीला लागले, कुत्र्यांची ती जात बाजारात 'बंजारा हाउंड' झाली.

आता शेतकऱ्याची शिकार. तिला शिकार म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तिला जागल म्हणतो.

आमचं वावर टेकडीच्या पायथ्याला होतं. हरभरा घाट्यावर आला की सगळं घर संध्याकाळीच वावरात जायचं. खोपडीत माय तीन दगडांवर चूल मांडायची, बेसन-भाकर व्हायची, मग माळ्यावर एकजण, खोपडीत बाकीचे. कंदील, गोफण, टिनाचा डबा. शेजारच्या धुऱ्यावर आबांची भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक. तिचा परवाना त्यांच्या वडिलांच्या काळचा. आबा ती भरताना आम्हाला जवळ बसू द्यायचे, हात लावू द्यायचे नाहीत. आधी मापाने काळी बारूद नळीत, मग चिंधीचा डाट, मग गज घालून ठोकायचं. सुरुवातीला गज नळीत मऊ बसतो; ठोकत राहिलं की एका क्षणी तो हातातून उसळी मारून वर येतो. "आता बसली," असं आबा म्हणायचे आणि मगच छर्रे, वरून पुन्हा डाट आणि शेवटी टोपी. घाईने भरलेली, न ठोकलेली बंदूक नळी फाडते, हे त्यांनी एकदाही शब्दांत सांगितलं नाही. पण पाहणाऱ्या पोराला तो उसळणारा गज आयुष्यभर लक्षात राहतो.

मध्यरात्री माय हलवायची, "उठ रे, पाय, डुकरं आले." कान देऊन ऐकलं की वावराच्या वरच्या अंगाला फुसफुस आणि घाटे चावल्याचा आवाज. आबा ओरडायचे, "कान झाका रे पोट्टेहो," आणि हवेत बार काढायचे. बहुतेक रात्री छर्रे भरलेलेच नसायचे. बारूद महाग, छर्रे त्याहून महाग, आणि जखमी डुक्कर अंधारात कुठे उभं असेल याचा भरवसा नाही. रात्रभरात एखादा बार पुरायचा. बाकी वेळ बाया गाणी म्हणायच्या. घरी दिवा लावून झोपलेलं कुटुंब आणि वावरात ताऱ्यांखाली झोपलेलं कुटुंब यांतलं दुसरं मला जास्त जवळचं वाटतं, हा माझा पक्षपात आहे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात या भरमारीची नोंद आहे. पीक राखण्याच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येईल, असं कलम तेरा सांगतं. पण व्यवहारात वारसाहक्काने आलेले परवाने नूतनीकरणाच्या फेऱ्यांत गळून गेले. निवडणूक लागली की उरलेल्या बंदुका ठाण्यात जमा. आणि आपल्या विधानसभेच्या निवडणुका २०१४, २०१९, २०२४ अशा ओळीने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सोयाबीन काढणीला आणि हरभरा पेरणीला! रानडुकराला आचारसंहिता लागू नाही.

शिकार बंद झाल्यावर मराठीत रानाचं लेखन बहरलं, हेही खरं. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारी होते. पुढे त्यांची नजर नेम धरायची सोडून चित्र काढू लागली. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार जुने शिकारी, आणि वनाधिकारी असलेले मारुती चितमपल्ली रानाबद्दल जे शिकले त्यात अशा माणसांचा वाटा मोठा. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांत वनाधिकारी ज्यांच्याकडून शिकतो ती बहुतेक माणसं फास लावणारी, माग काढणारी, मध उतरवणारी आहेत. त्यांचं ज्ञान अधिकाऱ्याच्या वहीत उतरलं म्हणून टिकलं. इतर ठिकाणी वही नव्हती.

आता आजचं. तुमच्यापैकी निम्मे लोक शेतकरी आहेत. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर यांच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? ज्वारी गेली, सोयाबीन आलं, तूर-हरभरा राहिला. वावराभोवती रंगीबेरंगी जुन्या साड्या बांधलेल्या दिसतात. पहिले काही दिवस रोही दचकतो, मग साडी बाजूला सारून आत येतो. झटका मशीन लावलं तर बॅटरी चोरीला जाते. आणि काहीजण थेट लाईनवरून आकडा टाकून तारेत वीज सोडतात. त्यात डुक्कर मरतं, बिबट मरतो, पाणी द्यायला गेलेला शेजारचा पोरगाही मरतो. ही शिकार आज आपल्याकडे चालू आहे. तिला रायफल लागत नाही आणि तिच्याबद्दल व्याख्यानं होत नाहीत.

यावर उपाय म्हणून कोणी अमेरिकेचं उदाहरण देतं. तिथली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. रॉकी पर्वतातल्या मोंटाना, आयडाहो, कोलोरॅडोमध्ये शरद ऋतूत अख्खी कुटुंबं एल्क हरणासाठी डोंगरात तंबू ठोकतात. बाप पोरीला घेऊन जातो, आजोबा चूल सांभाळतात, मिळालेलं मांस घरच्या फ्रीजरमध्ये वर्षभर पुरतं. डेन्व्हरला नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी पोरांना ऑफिसात कोणीतरी एल्कचं सॉसेज आणून देतं आणि ती घरी फोन करून विचारतात, खायचं का? पण मजा तंबूत नाही, मजा हिशेबात आहे. कोणत्या भागात किती जनावरं मारायची हे राज्याचं खातं ठरवतं, अनेक ठिकाणी परवाना सोडतीने निघतो, मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर परत वन्यजीवांच्या कामाला लागतो. इथे ते जसंच्या तसं चालणार नाही. तिकडे एका चौरस मैलावर जेवढी माणसं, त्याच्या कितीतरी पट आपल्या एका गावात. रायफलीची गोळी दोन-तीन किलोमीटर जाते. आपल्या वावरात त्या अंतरात कोणी ना कोणी असतंच.

आपल्या सरकारने २०१५ मध्ये पीक नासवणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारायची परवानगी देण्याची पद्धत आखली. वन्यजीव कायद्यात कलम अकरा आधीपासून होतंच. परवानगी मिळालीच, तर मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं. ते खायचं नाही, खात्याच्या हवाली करायचं. अर्ज, पंचनामा, परवानगी आणि मग बंदूक कुठून आणणार? बाहेरून नेमबाज बोलवावा तर २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामाला तेच झालं. हैदराबादहून आलेल्या शिकाऱ्यांनी काही दिवसांत दोनशेच्या वर नीलगायी मारल्या, आणि दिल्लीत दोन केंद्रीय मंत्री एकमेकांवर तुटून पडले. केरळने २०२२ मध्ये रानडुकराचा अधिकार पंचायतींकडे दिला. तो मार्ग मला जास्त पटतो, कारण त्यात निर्णय घेणाऱ्याला वावर ठाऊक असतं. आणि नेमबाज बाहेरून आणला की काय होतं ते आपण शेजारच्या यवतमाळात पाहिलं. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूचं बालंट असलेली टी-१ वाघीण, जिला सगळे अवनी म्हणतात, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली. गावकऱ्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या रात्री नियम कसे पाळले गेले, यावर राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीने ताशेरे ओढले. महिनोन् महिने चाललेल्या त्या शोधात हत्ती आले, ट्रॅप कॅमेरे आले, इटालियन कुत्री आली. माग काढणारी माणसं जिल्ह्यातच होती.

त्याच यवतमाळातल्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये एक तरुण वाघ निघाला. गळ्यात पट्टा होता म्हणून आपल्याला कळलं. पैनगंगेच्या खोऱ्यातून आपल्या या रांगेच्या अंगाने तेराशे किलोमीटरच्या वर चालून तो डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. रांग तुटलेली नाही, हे त्याने दाखवलं. अडचण आता नव्या रस्त्यांची आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून, कारंजा-सोहोळच्या जवळून जातो. दोन्ही बाजूंना कुंपण, जनावरांसाठी काही ठिकाणी वरून-खालून वाटा. काळवीट त्या वाटा वापरेल का हे मी छातीठोक सांगणार नाही. माळावरून चालणारं जनावर बोगद्यासारख्या जागेत शिरायला राजी नसतं, एवढं बेड्यावरचं कोणीही पोरगं सांगेल. रस्त्याचा आराखडा करताना त्याला कोणी विचारलं नसणार.

एका ठिकाणी मात्र विचारलं गेलं. आपल्या भागात काम करणारी 'संवेदना' ही संस्था आणि कौस्तुभ पांढरीपांडे यांनी फासेपारध्यांबरोबर गवताळ रानाचं काम उभं केलं. केंद्रस्थानी तणमोर. कोंबडीपेक्षा लहान, लांब मानेचा हा पक्षी; पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उडी मारतो, पंख फडफडवतो, टरटर आवाज करतो आणि खाली येतो. दिवसभरात शेकडो उड्या. ठरलेल्या जागेवरूनच उडी मारायची त्याची सवय, आणि म्हणून फास नेमके तिथेच लागायचे. आज जगात या जातीचे पक्षी हजाराच्या आतच उरले असावेत, आणि २०२१ पासून ती अतिधोक्यात गेली आहे. ज्या माणसाला उडीची जागा दोन शेतं पलीकडून आवाजावरून कळते, त्याच माणसाने आता ती जागा राखायची, गवत कधी कापायचं ते ठरवायचं, गुरं कुठे बसवायची ते ठरवायचं. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्काची वाट दिली, तिचा इथे उपयोग झाला. पारध्यांनी फास सोडले म्हणून टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात अर्धीच गोष्ट दिसते. त्यांनी फास सोडले, पण फास कुठे लावायचा हे विसरले नाहीत, म्हणूनच हे काम होतं आहे.

आणि याच कामाच्या आड येते आपली झाडं लावायची हौस. २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं. जागा कुठली? गायरान, माळ, ई-क्लास जमीन. सरकारी दफ्तरात गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन. तिथे चर खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावली की आकडा पूर्ण होतो. गवत मरतं. काळवीट मोकळ्यात पळून वाचतं, झुडपात नाही. तणमोर झुडपातून उडी मारून दिसणार कोणाला? चितेवाल्याचा चित्ता, साहेबाची रायफल, पारध्याचा फास या तिन्हींतून जे वाचलं, ते आपण रोपवाटिकेच्या पिशवीत घालून संपवायला निघालो आहोत. पुढच्या मृगात तुमच्या ग्रामपंचायतीकडे लागवडीचा आराखडा येईल. त्यात गट नंबर दिलेले असतात. ते नंबर घेऊन जवळच्या बेड्यावर जा, आणि या गटात पावसाळ्यात कोणतं पाखरू उडतं ते विचारून ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. ठराव वनखात्याला पाठवताना एक प्रत माझ्याकडेही पाठवा. मी ती घेऊन अकोल्याला, नागपूरला, जिथे लागेल तिथे यायला तयार आहे.

 काही प्रश्न असतील तर विचारा. रोह्यांबद्दलचे असतील तर आधी मागच्या रांगेतल्यांना बोलू द्या, ते रात्री जागलीला जायचे आहेत.